मदत हवी आहे: चारही शॉकअप खरंच गेलेत का?

नमस्कार. २०१४ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ९२ हजार किमी झालेत. पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे. शॉकअप अजून एकदाही बदललेले नाहीत.

वर्षातून तीन-चार वेळा आम्ही पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावमार्गे गावी जातो. पाच माणसं, आणि परतताना डिकीत तांदळाचं पोतं ठरलेलं. आई मागे बसते. तिच्या मणक्यात गॅप आहे. मे महिन्यातल्या फेरीनंतर ती दोन दिवस अंथरुणावरच होती, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

त्रास दोन प्रकारचा आहे. गल्लीतल्या खडबडीत रस्त्यावर दहा-पंधराच्या वेगाने गेलं तरी पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड आवाज येतो. हायवेला मात्र तो आवाज नसतो. तिथे पुलाच्या जोडावरून गेलं की गाडीचा मागचा भाग दोन-तीन झोके घेत राहतो, आणि गाडी भरलेली असली तर स्पीडब्रेकर उतरताना मागून धप्प असा दणका बसतो.

जवळच्या गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि 'चारही शॉकअप गेलेत' म्हणून सांगितलं. अंदाज २२ हजारांचा. गाडी रॅम्पवर घेतली नाही, चाकाच्या आत डोकावूनही पाहिलं नाही. खर्च जास्त वाटत असेल तर जुनेच उघडून, तेल भरून रिकंडिशन करून देतो म्हणाला. आईसाठी खर्च करायला माझी ना नाही, पण ज्याने आराम पडेल त्यावरच व्हावा. घरच्या घरी काय तपासू? गणपतीला गावी जायच्या आत काम उरकायचं आहे.

प्रतिसाद

पैसे द्यायची घाई करू नका. तुमच्या वर्णनात मला दोन वेगळे आजार दिसतात.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि शॉकअप त्या स्प्रिंगचं उसळणं आवरतो. आतलं तेल बारीक व्हॉल्व्हमधून ढकललं जातं, त्यात उसळीचा जोर उष्णता होऊन निघून जातो. म्हणून झोके थांबत नसतील तर संशय शॉकअपवर घ्यायचा. रिकामी गाडीसुद्धा एका बाजूला बसलेली दिसत असेल तर स्प्रिंग बघायची. कमी वेगातली खडखड मात्र बहुतेक वेळा लिंक रॉडची (गाडीचं झुकणं आवरणाऱ्या आडव्या दांड्याला चाकाकडच्या भागाशी जोडणारी छोटी सळई) किंवा बुशची (जोडातलं रबर) असते.

सपाट जागी गाडी उभी करून डिकीचा एक कोपरा दोन-तीनदा जोर लावून दाबा आणि सोडून द्या. वर येऊन एकदा खाली जाऊन स्थिरावली तर ठीक. त्यापुढेही हलत राहिली तर तो शॉकअप गेलाच. उलट मात्र खरं नाही: या चाचणीत पास झालेला शॉकअप रस्त्यावर कमजोर निघू शकतो. त्यामुळे टायरवरूनही हात फिरवा. रबर सारखं न झिजता थोड्या थोड्या अंतरावर खोलगट लागत असेल, तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, उड्या मारतंय. मग टॉर्च घेऊन शॉकअपची नळी बघा. वरच्या बाजूला धुळीचा किंचित ओलसर थर असेल तर लगेच घाबरू नका, पण तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल तर सील फुटलंय.

लिंक रॉडसाठी चारही चाकं जमिनीवरच ठेवा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. एकाने गाडी बाजूने हलवायची, दुसऱ्याने रॉडच्या टोकाला हात लावायचा. तिथला गोल सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, ढिला असेल तर खटका बोटांना कळतो.

रिकंडिशनच्या फंदात पडू नका. गॅस भरलेला शॉकअप कापून पुन्हा जोडला की तो दाब राहत नाही, थोड्या महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न.

प्रतिसाद

बदलताना एका अ‍ॅक्सलचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही बदला, एकच नको. पुढचे स्ट्रट काढले तर नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावंच लागतं. आणि कृपा करून पुढचा स्ट्रट घरी उघडू नका. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) न लावता वरचा नट सोडला तर स्प्रिंग जीवावर बेतेल अशा जोराने सुटते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी सकाळी मुलाला सोबत घेऊन सगळं तपासलं. पुढचे दोन्ही कोपरे लगेच स्थिरावतात, नळ्या कोरड्या आहेत. मागचा उजवा कोपरा तीनदा हलला, शॉकअप खालपर्यंत तेलाने माखलाय. डावा त्याहून थोडा बरा. मागच्या दोन्ही टायरवर खोलगट चट्टे स्पष्ट लागतात. पुढच्या डाव्या लिंक रॉडचं रबर फाटलंय आणि खटका हाताला नीट जाणवला.

दुसऱ्या गॅरेजमध्ये रॅम्पवर घेऊन त्यांनीही हेच दाखवलं. मागचे दोन शॉकअप, त्यांचे बंप स्टॉप (शेवटचा दणका झेलणारे रबर) आणि पुढचे दोन्ही लिंक रॉड, असं ठरलंय. शनिवारी काम आहे, मी तिथेच थांबणार आहे. समोर उभं राहून कशाकडे लक्ष द्यावं?

प्रतिसाद

तीन गोष्टी बघा. नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा दाबून-ओढून घेतात, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. नट आवळताना दांडा फिरू लागला तर तो पक्कडीने धरू देऊ नका. चकचकीत दांड्यावर ओरखडा उठला की तोच सील कापतो. आणि खालच्या बुशचा बोल्ट शेवटचा घट्ट करायचा तो गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. चाक लोंबकळत असताना आवळला तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. तिथे बहुतेक जण घाई करतात.

धागाकर्ता

बोल्टचं आजच फोन करून सांगून ठेवलं. चट्टे पडलेले टायर आता पुढे घ्यावेत की मागेच राहू द्यावेत, तेवढं कुणी सांगा.

प्रतिसाद

सध्या मागेच राहू द्या. पुढे घेतले तर घरघर स्टिअरिंगमध्ये येईल. पडलेले चट्टे शॉकअप बदलून भरून येत नाहीत, थोडा आवाज राहीलच. आणि घाट उतरण्याआधी हवा गाडीच्या दारावरच्या तक्त्यात पूर्ण भारासाठी दिलेली असते तेवढी भरा. मागच्या चाकांना तो आकडा बरेचदा जास्त असतो.

धागाकर्ता

तक्ता बघितला, खरंच मागचा आकडा वेगळा आहे. इतकी वर्षं चारही चाकांत सारखीच हवा भरत होतो.