मेक्सिकोच्या लोकगीतांमधली मुलगी नुसती ऐकतच असते का?

सांजसूर: सध्या मेक्सिकन गाणी खूप ऐकतेय, सबटायटल लावून. मारियाचीवाल्या (तिकडचे व्हायोलिन-ट्रम्पेट-गिटारवाले वाद्यवृंद) गाण्यांत बहुतेक वेळा पुरुषच गातोय, तुझे डोळे असे न् तू नाही म्हणालीस तर मी मरेन, आणि जिच्यासाठी चाललंय ती खिडकीत गप्प. खेड्यापाड्यातल्या जुन्या गाण्यांतही असंच आहे का? पोरापोरींचं जमायचं कसं मग?

रानवाट: खिडकीतली पण गप्प नसते हो. रात्री उशिरा पोरगा वाजवणारे घेऊन येणार, गाणार, आणि तिनं आतला दिवा लावला तर पसंती, अंधारच राहिला तर त्यानं समजून घरी जायचं. पण तुम्ही वेराक्रुझकडचं (मेक्सिकोचं पूर्व किनाऱ्यावरचं राज्य) सोन हारोचो नावाचं लोकसंगीत ऐकाच. तिथे गावात फांदांगो म्हणजे नाचगाण्याचा मेळा भरतो, मधे लाकडाचा चौथरा, त्याला तारीमा म्हणतात, भोवती हाराना वाजवणारे (गिटारपेक्षा लहान असते) आणि चौथऱ्यावर नाचणाऱ्यांच्या टाचा हाच ताल. कितीतरी गाणी तर फक्त बायकांनीच नाचायची, बाकीची जोडीनं. गाणारे चार-सहा ओळींचे कडवे म्हणतात, एकानं टाकला की दुसरा उत्तर देतो, आपल्याकडच्या सवाल-जवाबासारखं, आणि कडवं सुरू झालं की नाचणाऱ्या टाचा हलक्या करतात कारण शब्द ऐकू आले पाहिजेत. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं, स्तुती तिची चाललीये आणि ती ऐकू येईल की नाही हे तिच्याच पायांवर आहे!

निळीशाई: 'ला बाम्बा' तिथलंच. १९५८ मध्ये रिची व्हॅलेन्स या अमेरिकन गायकानं रॉक केलं म्हणून जगाला माहीत झालं, पण मूळचं वेराक्रुझचं, लग्नात नाचायचं. नवरा-नवरी जमिनीवरच्या लांब रिबिनीची गाठ नुसत्या पायांनी बांधतात, दोघांची पावलं जुळली नाहीत तर गाठ बसणारच नाही. आणि हे सगळं फार सोज्वळ होतं असं समजू नका, १७६६ मध्ये वेराक्रुझमधल्या 'चुचुम्बे' नावाच्या नाचगाण्यावर चर्चच्या इन्क्विझिशननं (धर्मन्यायालयानं) बंदी घातली होती, शब्द चावट आणि अंगाला अंग लावून नाचतात म्हणून.

रानवाट: हो, आणि पूर्वी गाणारे जास्त करून पुरुषच हेही खरंय. आता बायकासुद्धा कडवी रचून उत्तरं देतात, ते ऐकताना फार बरं वाटतं.

सांजसूर: अरे वा, हे काहीच माहीत नव्हतं!! एकदम हळुवार असं काही आहे का पण, टाचा वगैरे नसलेलं?

निळीशाई: मग मिचोआकान राज्यातले पिरेकुआ ऐका. तिथल्या मूळनिवासी पुरेपेचा लोकांची गाणी, त्यांच्याच भाषेत, काही स्पॅनिशमिश्रित, २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीतही आली. मुलीला फूल म्हणायची रीत आहे, लय संथ, दोन आवाज एकत्र. सुरुवातीला सबटायटल बंद ठेवूनच ऐका.