‘एक्सचेंजवर बुकी नसतो’ म्हणे! मग तुमच्यासमोर कोण बसलाय?

बार्देशकर
काल इथे कोणीतरी टाकलं: "एक्सचेंजवर बुकी नसतो. भाव वर असताना लगाई करा, पडला की खाई करा. मॅच कोणीही जिंको, दोन्हीकडून नफा. नवशिक्यांनी हजारापासून सुरू करावं." खाली पन्नास अंगठे आणि ‘आयडी मिळेल का’ची रांग. म्हणून हे लांबण. नवख्यांसाठी: एक्सचेंज म्हणजे पैज लावणारे एकमेकांशीच सौदा करतात तो ऑनलाइन बाजार. लगाई म्हणजे संघ जिंकेल यावर पैसे, खाई म्हणजे जिंकणार नाही यावर. भाव २.१० म्हणजे जिंकल्यास हजाराचे मुद्दलासकट २१००. आयडी म्हणजे खेळायचं खातं.

हिशेब अर्धाच दिलाय. २.१० ला १००० लगाई केली, भाव १.८० झाला. आता परत १००० च खाल्ले तर संघ जिंकल्यावर ३०० सुटतात, हरल्यावर शून्य. दोन्हीकडे सारखं हवं तर १००० गुणिले २.१० भागिले १.८०, म्हणजे ११६६.६७ ची खाई. मग १६६.६७ सुटतात, ५ टक्के कमिशन जाऊन १५८.३३. आणि भाव उलटा २.६० ला चढला तर? ८०७.६९ खाऊन बाहेर पडा, १९२.३१ गेले, तेही कोणीही जिंको. हे गाळलंय.

दुसरं, बाहेर पडायला समोर गिऱ्हाईक लागतं. फुटबॉलमध्ये गोल, पेनल्टी, लाल कार्ड झालं की बाजार थांबतो आणि न जुळलेल्या बोली रद्द होतात. उघडतो तेव्हा भाव कुठल्या कुठे. "२.३० ला तोटा कापीन" ठरवलं होतं ना? २.१० वरून थेट २.९० आला, मध्ये कोणी उभंच नव्हतं. शिवाय चालू मॅचमध्ये प्रत्येक बोली काही सेकंद रोखून धरतात, आणि तुमचा टीव्ही त्याहून मागे. फातोर्ड्याच्या स्टँडात बसलेल्याला गोल आधी दिसतो.

तिसरं, मुख्य. व्हॉट्सॲपवर मिळते ती आयडी एक्सचेंजची नसते. भाव खऱ्या एक्सचेंजवरून उचलून पडद्यावर दाखवतात, तुमचा सौदा तिकडे पोचतच नाही. एजंट, त्याच्यावर मास्टर, त्याच्यावर सुपर मास्टर, प्रत्येकाचा टक्का ठरलेला. तुम्ही हरलात की ते वाटून घेतात. म्हणजे बुकीच, फक्त कपडे बदललेला.

मडगावचो मुनीम
आयडीवाल्यांबद्दल मान्य. पण त्यांच्या पापासाठी एक्सचेंजला का झोडता? बुकी दोन्ही बाजूंना १.९० देतो. १ भागिले १.९०, दोनदा, बेरीज १०५.२६ टक्के. वरचे सव्वापाच त्याचे. एक्सचेंजवर तीच मॅच १.९९ आणि २.०० ला दिसते, कमिशन फक्त निव्वळ जिंकलेल्यावर. धिरयोत, म्हणजे बैलांच्या झुंजीत, दोघे समोरासमोर पैज लावतात, मधला पैसे धरतो आणि आपला हिस्सा कापतो. तेच हे. सन २००० मध्ये बेटफेअर या ब्रिटिश एक्सचेंजने तेवढंच संगणकावर आणलं.

आणि पद्धतशीर खेळणाऱ्याला वाट असते. ड्रॉ खा, म्हणजे बरोबरी होणार नाही यावर पैसे लावा, गोल झाला की लगाई करून मोकळे व्हा. ही काय लॉटरी आहे?

बार्देशकर
ड्रॉ खा! प्रत्येक नवशिक्याला हेच गाजर. घ्या आकडे. ३.५० ला १००० ची खाई, म्हणजे जोखीम २५००. हजार नव्हे, अडीच हजार, खात्यात तेवढे अडकतात. तगड्या संघाने गोल केला, ड्रॉ ५.०० ला गेला, ७०० लगाई करून ३०० सुटले, कमिशन जाऊन २८५. गोल नाही झाला आणि सत्तराव्या मिनिटाच्या आसपास ड्रॉ २.०० वर आला, तर १७५० लगाई करून ७५० गेले. २८५ साठी ७५०! चारातल्या तीन वेळा जमलं तर कुठे जेमतेम वर. आणि गोल दुबळ्या संघाने केला तर ड्रॉचा भाव धड हलतही नाही, कारण बरोबरी होईल असंच बाजार धरून असतो.

मांडवीकाठ
तुम्ही दोघे दशांश मोजत बसा. धिरयोचं नाव काढलंत म्हणून विचारतो. त्यावर हायकोर्टाची बंदी, आणि नदीत कॅसिनोच्या बोटींवर झगमगाट. १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रं आणली, १९९६ साली बोटींवर टेबलं. २०२० पासून गोंयकाराला आत मज्जाव. म्हणजे जुगार वाईट नाही, आमचा पैसा वाईट!

मडगावचो मुनीम
मज्जाव तुमच्याच भल्यासाठी आहे. आत जाऊन काय मिळणार? एका शून्याच्या रुलेटला ३७ खाचा, एका आकड्यावर पैसे ३५ पट. कॅसिनोचा वाटा २.७ टक्के, दर फेरीला.

मांडवीकाठ
आणि तुमच्या लाडक्या एक्सचेंजचा? खरा भाव २.०० असेल तर अर्ध्या वेळा १००० जिंकाल, त्यावर ५ टक्के म्हणजे ५०. सरासरी २५. अडीच टक्के! रुलेटपेक्षा दोन दशांश स्वस्त, वर तुम्हाला ‘ट्रेडर’ म्हणवून घेता येतं. अभिनंदन.

मडगावचो मुनीम
चुकीची तुलना. रुलेटचा चेंडू काही जाणत नाही, इथे भाव चुकलेला पकडता येतो. आणि एका बाजारातले सगळे सौदे मिळून जो निव्वळ नफा, त्यावरच कमिशन. दहा वेळा आत-बाहेर केलं तरी दहा वेळा कापत नाहीत. बोटीवर हे मिळतं का? कायद्याचं रडगाणं वेगळ्या धाग्यावर गा.

मांडवीकाठ
रडगाणं म्हणा, पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण आयडीवाल्याने पैसे बुडवले तर पोलिसांना काय सांगणार पात्रांव? आधी स्वतः काय करत होता ते सांगावं लागेल.

बार्देशकर
कॅसिनोचा विषय निघाला की इथे सगळे कायदेपंडित. ते राहू द्या. मुनीम, भाव चुकलेला पकडता येतो, मान्य. तुम्ही नव्हे, प्रोग्राम पकडतात. माणसाचं बोट बटणावर जाईपर्यंत ते पैसे उचलून गेलेले असतात. आणि जे सतत जिंकतात त्यांच्यावर बेटफेअरने २००८ साली वेगळा प्रीमियम चार्ज लावला, २०११ मध्ये तो काहींसाठी नफ्याच्या ६० टक्क्यांपर्यंत नेला. तुमच्या धिरयोतला मधला माणूस जिंकणाऱ्याकडून साठ टक्के मागेल तर त्याला शाबूत घरी जाऊ देतील का?

मडगावचो मुनीम
ठीक, ते साठ टक्के लाजिरवाणे होते, लिहून घ्या आणि फ्रेम करा. पण तो चार्ज लावावा लागला, म्हणजेच जिंकणारे होते ना?

सत्तरीकर
मोठ्यांचं भांडण चालू दे. एकच विचारतो, कागदावर सराव करायचा असेल तर भावाच्या एका पायरीने नफा किती धरायचा? पोस्टवाला म्हणतो १.८० ला लगाई, १.७९ ला खाई, ‘हजारामागे शंभर’.

बार्देशकर
शंभर? १००० गुणिले १.८० भागिले १.७९, म्हणजे १००५.५९ ची खाई. नफा ५.५९, कमिशन जाऊन ५.३१. पायरी २.०० पर्यंत ०.०१ ची, तिथून ३.०० पर्यंत ०.०२ ची, पुढे ४.०० पर्यंत ०.०५ ची. आणि कागदावर लिहिताना १.७९ ला आपल्या आधी रांगेत किती पैसे उभे आहेत तेही लिही. ते सगळे जुळल्याशिवाय तुझी खाई जुळली असं धरू नकोस.