आधी लेव्हलची रेघ, मग चौकट

घर बांधताना दारांबद्दल ‘चौकटी आधी उभ्या करा, लादी नंतर जुळवता येते’ असा सल्ला मिळतो, तो पटत नाही. स्लॅब कुठेच सपाट नसतो. त्यावरून मोजून चौकट बसवली की तोच चढउतार प्रत्येक दारात येतो, मग एक दार तासावं लागतं आणि दुसऱ्याखाली बोटभर फट राहते. पाणनळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, जिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं) सगळ्या खोल्यांत एकच रेघ मारा, तयार फरशीपासून 1 मीटर वर. त्यासाठी आधी स्लॅबचा सर्वांत उंच भाग शोधायचा. तिथे 25 मिमी माल (सिमेंट-वाळूचा थर) आणि 10 मिमी लादी मावली पाहिजे. चौकटीचं माप नेहमी या रेघेवरून खाली घ्यायचं. शेजारच्या खोलीत 18 मिमीचा ग्रॅनाइट असेल तर जाडीतला फरक खालच्या मालात जिरवा.

पडवीकडच्या दाराचा वेगळा विचार करा, कोकणात खरा घोळ तिथेच होतो. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर पाणी आडवं येतं. पडवी आतल्या फरशीपेक्षा किमान 25 मिमी खाली ठेवा, बाहेर मीटरला 10 ते 15 मिमी उतार द्या, आणि दाराखाली ग्रॅनाइटचा अखंड उंबरा लादीच्या आधी बसवा. उंबऱ्याला मध्ये सांधा नको, पाणी तिथूनच आत झिरपतं. लाकडी चौकटीचे पाय मालात गाडू नका, उंबऱ्यावर टेकवा. गाडलेला पाय ओल शोषून कुजतो आणि वाळवीला वाट मिळते. दार आत उघडणार असेल तर दाराखालची फट ठरवताना पायपुसण्याची जाडीही आत्ताच धरा.