मोटारसायकलचा सुरक्षा वर्ग : नाशिककरांनी आपले अनुभव लिहावेत

आपल्या शहरात मोटारसायकल बहुधा घरातलेच कोणीतरी शिकवते. थोरला भाऊ किंवा मामा रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानावर घेऊन जातो, क्लच आणि गिअर दाखवतो, आणि गाडी बंद न पडता पुढे निघू लागली की शिकणे पूर्ण झाले असे सगळे धरून चालतात. त्यानंतर आठचा आकडा घोटायचा आणि पेठ रोडच्या आरटीओत चाचणी द्यायची. गाडी चालवावी कशी हे यातून येते. ऐनवेळी थांबवावी कशी, हे मात्र बहुतेकांना कोणीच शिकवलेले नसते. म्हणून ज्यांनी प्रशिक्षकाकडून नवशिक्यांचा सुरक्षा वर्ग केला आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. वर्ग चांगला होता एवढेच न सांगता मैदानावर नेमके काय करून घेतले आणि त्यातले रस्त्यावर काय कामी आले, ते लिहावे. सुरुवात मी करते.

आमच्या प्रशिक्षकांनी प्रारंभी गाडी सुरूच करू दिली नाही. इंजिन बंद ठेवून, गाडी शेजारून ढकलत न्यायची आणि केवळ पुढचा ब्रेक हळूहळू आवळून ती थांबवायची, एवढाच सराव होता. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो, हे आम्हा सर्वांनी लहानपणापासून ऐकलेले होते, त्यामुळे त्या लिव्हरकडे बोटे जातच नव्हती. ब्रेक लागताच गाडीचा आणि आपला भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे त्या चाकाची रस्त्यावरची पकड वाढते आणि मागचे चाक हलके होऊन घसरू लागते, हे कारण त्यांनी समजावले आणि मग ढकललेल्या गाडीवर ते हातांना जाणवूनही दिले. पडायला होते ते ब्रेक एकदम खेचल्यामुळे किंवा हँडल वळलेले असताना दाबल्यामुळे. हँडल सरळ ठेवून, मागचा ब्रेक सोबत घेऊन, पुढचा ब्रेक दाब वाढवत आवळला तर कोरड्या डांबरावर गाडी किती कमी जागेत उभी राहते, हे पाहून माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पुढे कॉलेज रोडवर उभ्या असलेल्या एका मोटारीचे दार अचानक उघडले, तेव्हा विचार करायला वेळच नव्हता. बोटांनी मैदानावरचेच केले आणि गाडी दाराच्या अलीकडे थांबली.

पंचवटीतून

मला सर्वांत मोलाचे वाटले ते अगदी हळू चालवण्याचे शिक्षण. वेगात गाडी स्वतःच तोल धरते; खरी परीक्षा रविवार कारंजावर असते, जिथे पुढे रिक्षा, बाजूला हातगाडी आणि मधूनच रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाई असतात. प्रशिक्षकांनी शंकूंच्या दोन रांगांमधून चालण्याच्या वेगाने गाडी काढायला लावली: क्लच अर्धा धरलेला, ॲक्सिलरेटर स्थिर आणि वेग आवरायला फक्त मागचा ब्रेक, कारण इतक्या कमी वेगात हँडल वळवून पुढचा ब्रेक दाबला की गाडी जागेवरच आडवी होते. दुसरी गोष्ट नजरेची. पुढच्या चाकाकडे किंवा शंकूकडे पाहिले की गाडी नेमकी तिथेच जाते; हनुवटी वर करून जिथून बाहेर पडायचे तिकडे पाहिले की ती तिकडे वळते. खड्ड्यांबाबतही हेच खरे आहे. गंगापूर रोडच्या मध्येच राहिलेल्या जुन्या झाडांजवळून जाताना मी खोडाकडे न पाहता त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहते, आणि ही सवय पूर्णपणे त्या शंकूंची देणगी आहे.

भगिनींसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. ओढणी आणि साडीचा पदर चेन किंवा मागच्या चाकात अडकून होणारे अपघात जिवावर बेततात. आमच्या वर्गात ओढणी छातीवर आडवी घेऊन गाठ मारल्याशिवाय कोणालाही गाडीवर बसू दिले जात नव्हते. साडी गार्ड दिसायला चांगले नाही म्हणून काढून टाकणाऱ्यांनी ते कृपया पुन्हा बसवून घ्यावे.

सातपूरहून, कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणारा

१५ ऑगस्ट २०२१ पासून शहरात ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू झाली, तेव्हा पंपापुरते हेल्मेट कोपरात अडकवून नेणारे माझे अनेक सहकारी होते. वर्गात आम्हाला हेल्मेट घालायला शिकवले. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोनच बोटे जावीत, मागून वर उचलून पाहिले तर ते डोक्यावरून निघू नये आणि आतील गादी गालांना सर्व बाजूंनी टेकावी. आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहून घ्यावा. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी वापरू नये, कारण आतील थर्माकोलसारखा थर दबून आपले काम करून चुकलेला असतो. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. रात्रपाळीनंतर मित्राला सोडताना हे विसरू नये.

पिंपळगाव बसवंतहून, महाविद्यालयीन विद्यार्थी

शहराबाहेर राहणाऱ्यांच्या अडचणी वेगळ्या असतात. आमच्याकडे कांद्याच्या आणि द्राक्षांच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात आणि त्यांतील कित्येकांना मागे दिवा तर सोडाच, लाल परावर्तक पट्टीसुद्धा नसते. माझा प्रशिक्षकांना पहिला प्रश्न हाच होता. त्यांनी फळ्यावर साधा हिशेब मांडला. ताशी ५४ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात १५ मीटर जाते. समोर काही आहे हे दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद गेला, तर ते १५ मीटर ब्रेक न लागताच संपलेले असतात आणि खरे थांबणे त्यानंतर सुरू होते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर दुप्पट न होता चौपट होते. तेव्हा दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल, इतकाच वेग रात्री ठेवायचा. समोरून अप्पर लावून वाहन आले तर डोळे दिपतात. अशा वेळी नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवून ॲक्सिलरेटर सोडायचा.

ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही, हे वाक्य मी महामार्गावर रोज आठवतो. विशेषतः वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूला, तो आणि कठडा यांच्या मध्ये, कधीही शिरू नये.

नाशिक रोडहून, एक वडील

माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. त्याला वर्गात घालायला गेलो, तर त्यांनी नम्रपणे नकार दिला. १८ वर्षांखाली गिअरची गाडी चालवता येत नाही, शिकाऊ परवान्याशिवाय रस्त्यावर सरावही नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मला तो नकार पटला. अशी ठाम माणसे शिकवत आहेत, म्हणून दोन वर्षांनी तो तिथेच शिकेल.

इंदिरानगरहून

वरील सर्व अनुभव मान्य करूनही एक मतभेद नोंदवते. कोरड्या, सपाट मैदानावरचा सराव पावसाळ्यात अपुरा पडतो. पहिल्या सरींनंतर रस्त्यावरचे तेल आणि धूळ एकत्र येऊन जो थर होतो, त्यावर तसेच झेब्रा पट्ट्यांवर आणि गटाराच्या लोखंडी झाकणांवर टायरची पकड फारच कमी असते. आमच्या गटाने विनंती केली म्हणून प्रशिक्षकांनी टँकरने जमीन ओली करून तोच ब्रेकचा सराव पुन्हा करून घेतला. दाब अधिक हलका, अंतर अधिक मोठे आणि चाक घसरू लागले की ब्रेक क्षणभर सोडून पुन्हा धरायचा, हे तेव्हा कळले. १२५ सीसीपर्यंतच्या बहुसंख्य गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसून दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा असते, आणि ती चाक अडकणे थांबवत नाही, हे नवी गाडी घेताना दुकानात मला कोणीही सांगितले नव्हते. नाव नोंदवताना ओल्या जमिनीवरचा सराव आहे का, हे प्रत्येकाने विचारावे, आणि नसेल तर तो मागून घ्यावा.