मदत हवी आहे: स्वतः छापलेलं पुस्तक विकायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. कथासंग्रह स्वखर्चाने छापला, ३०० प्रती. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळाला, तिथवर सगळं सुरळीत. आता खोके पलंगाखाली आणि झाडू मारताना बायकोचे टोमणे! किंमत २०० रुपये, छपाईच ९० ला पडली. पणजीतला दुकानदार ४० टक्के मागतो, तेही पैसे विक्रीनंतर. म्हणजे प्रतीमागे जेमतेम ३० सुटणार. पुण्या-मुंबईचे वाचक व्हॉट्सॲपवर चौकशी करतात, टपालखर्च ऐकला की गप्प. तुम्ही तो किमतीतच धरता की वेगळा घेता? छापील पुस्तकांवर जीएसटी नाही हे ठाऊक आहे. पण फक्त पुस्तकंच ऑनलाइन विकायची तर नोंदणी लागते का? गणेश चवथीआधी थोडे खोके हलले तर बरं, माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) सामान ठेवायला जागा हवी.