डोक्याची खाज, कोंडा आणि नाजूक कातडी : आपल्या भागातले अनुभव

कोंडा म्हटलं की आपल्याकडे घरटी एक उपाय निघतो. लिंबू चोळ, दही लाव, मेथी वाटून थाप, कडुलिंबाच्या पाण्यानं न्हा. ज्यांना हे सोसतं त्यांनी खुशाल करावं. पण ज्यांची कातडी मुळातच नाजूक, सुवासिक साबण लागला तरी लाल होणारी, त्यांचे या उपायांनी हाल होतात. म्हणून हा धागा. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, जिथं कुठं असाल तिथून लिहा. कुठलं औषध लागू पडलं एवढंच नको. डोक्यात नेमकं काय दिसत होतं, खाज कुठं यायची, काय लावल्यावर वाढली आणि डॉक्टरांनी त्याला काय नाव दिलं, तेही सांगा. कोंड्यासारखं दिसणारं सगळंच कोंडा नसतं, हे माझं ठाम मत आहे.

सुरुवात मी करते. मी टिळकवाडीची. कॉलेजपासून डोकं खाजतं. कोरडा, पांढरा, झटकला की पडणारा कोंडा नव्हे; पिवळसर, चिकट पापुद्रे, केसाच्या मुळाशी धरून बसलेले. फणी ओढली की दातांत मेणासारखा थर यायचा. पुढे भुवयांत आणि नाकाच्या दोन्ही कडांना तसंच सुरू झालं, आणि कानामागे जिथं कान डोक्याला चिकटतो तिथं बारीक चीर पडायची. चष्म्याची काडी तिथंच टेकते, त्यामुळे ती भरून येईना. त्वचेच्या डॉक्टरांनी कान आणि भुवया पाहिल्या आणि डोकं न बघताच ‘सेबोर्हिक डर्मटायटिस’ म्हणाले.

त्यांनी समजावलं ते असं. मॅलॅसेझिया नावाची एक बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर असते. टाळूला सुटणारं तेल हे तिचं खाणं. ते पचवताना ती काही आम्लं मागे सोडते आणि काहींच्या कातडीला ती झोंबतात. मग कातडी घाईघाईनं नवे थर तयार करते आणि जुने पापुद्र्यांनी सुटतात. म्हणजे हा अस्वच्छतेचा रोग नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही, आणि बुरशी कायमची जात नसल्यामुळे एकदा औषध घेतलं की संपलं असंही होत नाही. थंडीत आणि मनावर ताण असला की वाढतो. हा अस्वच्छतेचा रोग नाही, हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण ‘डोकं नीट धूत नाहीस’ हे मी घरात पुष्कळ ऐकलं होतं.

औषध होतं २ टक्के केटोकोनाझोलचा शाम्पू. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. नंतर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा. पण खरी गोष्ट लावण्याच्या पद्धतीत आहे. केसांना नव्हे, टाळूला लावायचा. मी केसांचे भांग पाडत जाते, बोटांच्या पेरांनी फेस टाळूवर पसरवते, नख लावत नाही, आणि तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवते. लावला-धुतला केलं तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. पाणी कोमट. बंबाचं कडकडीत पाणी डोक्यावर घेतलं की तेवढ्यापुरती खाज मरते आणि तासाभरात दुप्पट येते. मधल्या दिवशी बिनवासाचा सौम्य शाम्पू. आणि शनिवारी रात्री डोक्यात खोबरेल मुरवायचं मी पूर्ण बंद केलं. आईला ते अजून पटलेलं नाही. केसांच्या टोकांना तेल लावते, टाळूला नाही.

उद्यमबाग, फाउंड्री कामगार

मी भट्टीजवळ असतो. डोक्यावर दिवसभर हेल्मेट, आत घामाची नुसती धार. संध्याकाळी हेल्मेट काढलं की कपाळाच्या कडेनं लाल पट्टा आणि लई खाज. मेडिकलमधनं एक ट्यूब आणली, तीन औषधं एकात हाईत म्हणून सांगितलं. लावली की रात्रीत थंड. बंद केली की पहिल्यापेक्षा जोरात. असं करत करत कपाळावरची कातडी पातळ झाली, बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, पुटकुळ्या आल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूबवरचं नाव वाचून सांगितलं, यात क्लोबेटासोल आहे, ते लई जोराचं स्टिरॉइड, तोंडाला लावायचं नाहीच. स्टिरॉइड वाईट नसतं म्हणाले, डोक्याला लोशन काही दिवसांपुरतं आम्हीही देतो, पण किती दिवस ते आम्ही ठरवतो.

आता काय करतो ते सांगतो. हेल्मेटच्या आतला पट्टा काढून धुतो. आत सुती कापड घालतो, रोज बदलतो. कामावरनं आलो की नुसत्या पाण्यानं डोकं धुतो, घाम वाळू देत नाही. शाम्पू वरच्या ताईंनी सांगितला तोच. हेल्मेट मात्र सोडलं नाही, कुणी सोडूही नका.

जांबोटीकडून

आमच्याकडे पावसाळा म्हणजे चार महिने केस वाळतच नाहीत. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ओले केस बांधून शेतावर जायचं नाही, एवढा एकच नियम मी पाळते. सकाळी न्हायचं सोडून दुपारी चुलीपाशी बसून केस वाळतील अशा वेळी न्हाते. खाज निम्म्यावर आली. औषध काही केलं नाही.

शहापूर, साडीच्या दुकानात काम

माझं दुखणं निराळं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. केस लवकर पिकले, दुकानात गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं म्हणून महिन्याला डाय. बरीच वर्षं काही झालं नाही. मग डाय लावल्यानंतर एक-दोन दिवसांनी टाळू खाजायला लागायची, पापुद्रे निघायचे. मला वाटलं कोंडा, म्हणून कोंड्याचा शाम्पू. तो आणखी झोंबायचा. एकदा सकाळी उठले तर पापण्या सुजून डोळे उघडेनात, कानांच्या पाळ्या लाल, मानेवर पाणी सुटलेलं.

सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत दाखवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘केस काळे करता काय?’ सूज उतरल्यावर पाठीवर पॅच टेस्ट केली. छोट्या छोट्या खणांत वेगवेगळी रसायनं घातलेल्या पट्ट्या पाठीला चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही. माझ्या पाठीवर एका खणाखाली लाल, उंचवट्याचा चौकोन उठला होता. पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायमिन. बहुतेक काळ्या डायमध्ये रंग धरायला हेच असतं.

बायकांनो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाकिटावर ‘अमोनिया नाही’ लिहिलं म्हणजे पीपीडी नाही असं होत नाही. त्या दोन निराळ्या वस्तू आहेत. आणि मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस-नारिंगी असतो. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळते तिच्यात पुष्कळदा पीपीडीच घातलेलं असतं. वर्षानुवर्षं सोसलं म्हणून पुढे सोसेल असंही नाही, ही ॲलर्जी मधेच कधीही जडते आणि एकदा जडली की राहते. मी आता केस पांढरेच ठेवले आहेत. दुकानात कुणी काही म्हणालं नाही.

चिकोडी, निवृत्त शिक्षक

माझ्या डोक्यात जाड, कोरडे, चंदेरी खवले यायचे आणि लाल चट्टा केसांच्या सीमेच्या बाहेर कपाळावर उतरायचा. कोपरांवर तसाच खरबरीत चट्टा होता, पण तो टेबलावर कोपर टेकून वह्या तपासल्यामुळे, असं मी धरून चाललो होतो. नखांवर सुईनं टोचल्यासारखे खळगे. तिन्हींचा संबंध एकच निघाला, सोरायसिस. हाही संसर्गजन्य नाही. तरी न्हाव्याकडे जायचा मला संकोच वाटे आणि शेजारी बसलेला माणूस सरकून बसे, ते मनाला लागायचं.

खवले नखानं उचकटायचे नाहीत. कातडीला इजा झाली की तिथं नवा चट्टा उठू शकतो. मला सॅलिसिलिक ॲसिड आणि कोल टार असलेलं औषध दिलं. रात्री लावून खवला मऊ करायचा, सकाळी धुवायचा. वास डांबराचा येतो आणि उशीच्या अभ्र्याला डाग पडतात, तेव्हा जुना अभ्रा वापरावा. सांधे दुखत असतील, विशेषतः सकाळी बोटं आखडत असतील, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. सोरायसिस सांध्यांतही उतरतो. मी ते वय झालं म्हणून सांगितलंच नव्हतं. त्यांनीच विचारून काढलं.

खानापूर तालुक्यातली एक आई

मुलगा दुसरीत. डोक्यावर रुपयाएवढा गोल, केस मुळाशी तुटलेले, वर भुरकट खपली. सासूबाई म्हणाल्या, खवडा आहे, आमच्या वेळी लई पोरांना व्हायचा. त्यांचं बरोबर निघालं. डॉक्टरांनी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ही बुरशी वर लिहिलेल्या कोंड्याच्या बुरशीहून वेगळी, नायट्याच्या जातीची. ती केसाच्या आत शिरते, म्हणून वरून मलम किंवा नुसता शाम्पू पुरत नाही, पोटातून गोळी लागते. ग्रिझिओफुल्विन दिली, काही आठवडे. दुधाबरोबर किंवा तुपाच्या घासाबरोबर द्यायला सांगितली, चरबी असली की ती अंगाला नीट लागते. घरातल्या सगळ्यांची डोकी तपासली. फणी, टोपी, टॉवेल, उशी वेगळी केली. घरात मांजराचं पिल्लू असेल तर त्याच्याही अंगावर गोल चट्टे आहेत का पाहा म्हणाले, कारण मांजराकडूनही येतो.

लहान मुलाला ‘कोंडा’ झालाय असं वाटलं आणि केस तुटलेले दिसले, तर घरी थांबू नका. उशीर झाला की कधी कधी तिथं पू धरतो आणि केस परत येत नाहीत.

निपाणी, तंबाखूच्या वखारीत

धूळ नाकातोंडात तशी डोक्यात. आम्ही डोक्याला फडकं बांधतोच, पण तेल लावलेल्या केसांना धूळ जास्त धरते. कामाच्या दिवशी तेल नाही, घरी आल्यावर आधी न्हाणं, मग सैपाक. बाकी मला काही रोग नाही.

बेळगाव, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

केस गळतात म्हणून मिनॉक्सिडिलचं लोशन सुरू केलं आणि टाळू खाजून पापुद्रे पडू लागले. औषधच सोडणार होतो. डॉक्टर म्हणाले, मिनॉक्सिडिलला दोष देण्याआधी लोशनमध्ये ते विरघळवायला घातलेलं प्रॉपिलिन ग्लायकॉल बघू. फेसाच्या रूपातल्या मिनॉक्सिडिलमध्ये ते सहसा नसतं. बदलून दिलं, खाज थांबली.

*

मधेच मी, धागा सुरू करणारी, माझं एक सांगते. दोघीतिघींनी विचारलंय, लिंबू चालेल का? ज्यांना खाजवून ओरखडे पडलेत त्यांनी तरी लावू नये. उघड्या कातडीवर आम्ल ओतण्यात कसला आला गुण? घरगुती म्हणजे सौम्य, हा समज मला आपल्याकडचा सगळ्यात त्रासदायक समज वाटतो. शिकेकाई-रिठ्याचंही तेच, कुणाला छान सोसतं, कुणाचे डोळे-टाळू जळतात. काहीही नवीन आणलं, शाम्पू असो की पाला, की आधी कानामागे किंवा कोपराच्या खोबणीत थोडं लावून दोन दिवस बघावं. आणि एका वेळी एकच वस्तू बदलावी. तीन बदलल्या तर कशानं बरं वाटलं आणि कशानं बिघडलं ते कळत नाही.

वैतागून डोक्यावर दहा गोष्टी थापण्यापेक्षा आधी नऊ काढून टाकाव्यात. नाजूक कातडीला मला तरी यानंच उसंत मिळाली.

हुक्केरी, आजी

नातीच्या टाळूवर पिवळी खपली धरली होती. सून घाबरली. बाळांना होतं, आपोआप जातं. खोबरेल बोटावर घेऊन खपलीवर लावायचं, मऊ झाली की मऊ ब्रशनं हलकेच सोडवायची आणि तेल धुऊन टाकायचं, डोक्यात ठेवायचं नाही. आमच्यात टाळू भरायची रीत आहे, पण या पोरीला मी ती केली नाही. डॉक्टर म्हणाले लाल होऊन पाझरायला लागलं तर आणा. गरज पडली नाही.

वडगाव, केस कापायचं दुकान

गुरुजींचं वाचून लिहावंसं वाटलं. आम्हाला दिवसभर डोकीच बघायची असतात. संकोच करू नका. टॉवेल प्रत्येकाला वेगळा मागा, कंगवा धुतलेला मागा, तो तुमचा हक्क आहे. लहान पोराच्या डोक्यात गोल चट्टा दिसला तर मी मशीन लावत नाही, आधी औषध करा म्हणतो. काही आईबाप रागावतात, पण तीच मशीन पुढच्या पोराला लागते. आणि शहापूरच्या ताईंनी सांगितलं ते डायचं. लोक लग्नाच्या आदल्या दिवशी येतात, लगेच काळं करून द्या म्हणतात. दोन दिवस आधी या. कोपराच्या खोबणीत थेंबभर लावून देतो, ४८ तास तसंच राहू द्या, खाजलं नाही तरच करू. आणि पूर्वी कधी डायनं सूज आली असेल तर थेंबभर लावूनही बघायचं नाही, आल्या आल्या तेवढं सांगा. मी डायची बाटली उघडणारच नाही.