३०० मिमीला काढलेले पक्ष्यांचे फोटो धूसर येतात: लेन्स बदलावी का?

शेकाट्या (प्रश्न):

नमस्कार. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सरचा (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सर असलेला) डीएसएलआर (आतल्या आरशातून दृश्य दाखवणारा कॅमेरा) आणि ७०-३०० मिमीची लेन्स आहे. जानेवारीत भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर सकाळी साडेसातपासून साडेअकरापर्यंत नावेतून सुमारे चारशे फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे ठीक वाटत होते, पण घरी संगणकावर मूळ आकारात उघडून पाहिले तेव्हा तीसच ठेवण्याजोगे निघाले. खुंटावर बसलेला राखी बगळा फरकाटल्यासारखा दिसतो, गवतातल्या चित्रबलाकाच्या पुढची पाती सुस्पष्ट आहेत पण त्याचा डोळा मऊ आहे, आणि अकराच्या सुमारास टिपलेल्या रोहितांच्या थव्यात तर कुठेच काही स्पष्ट नाही. अपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचे, शटर कॅमेरा ठरवतो), छिद्र एफ ५.६, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) २०० आणि कंपनरोधक चालू, अशी मांडणी होती. शटर १/२०० ते १/३२० सेकंदाच्या दरम्यान मिळत होते. एका दुरुस्ती केंद्राने लेन्स न उघडताच ‘ऑटोफोकस गेला आहे, नवी घ्या’ असे सांगितले. खरोखर तसेच आहे का, हे घरच्या घरी तपासण्याचा काही मार्ग आहे का?

जुना रीळवाला:

तिन्ही फोटोंना आपण ‘धूसर’ हा एकच शब्द वापरला असला, तरी वर्णनावरून ते तीन वेगळे आजार दिसतात, आणि लेन्सवर ठपका ठेवण्याआधी ते वेगळे करायला हवेत.

बगळ्याचा फोटो मूळ आकारात पुन्हा उघडा. चोच, पिसे आणि खुंटाची कड हे सगळे एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर तो फोकसचा दोष नसून कॅमेरा हलल्याची खूण आहे. हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी शटर किमान ‘एक भागिले नाभीय अंतर (लेन्सचे मिमी)’ इतके जलद असावे, असा जुना ठोकताळा आहे; ३०० मिमीला क्रॉप सेन्सरचा १.५ हा गुणक लावला की १/४५० येते, म्हणजे व्यवहारात १/५००. आपण त्याच्या निम्म्यावर होतात, तेही डोलणाऱ्या नावेत. कंपनरोधक हाताचे कंप बरेच सावरतो, पण पक्ष्याने मान वळवली तर तो काहीही करू शकत नाही. बसलेल्या पक्ष्याला १/१००० आणि उडणाऱ्याला १/२००० धरून चाला. आयएसओ २०० चा हट्ट सोडून ८०० वर गेलात, तर त्याच उजेडात १/२५० चे १/१००० होते. फोटोत थोडे दाणे आले तर ते नंतर कमी करता येतात, पण हललेले चित्र स्थिर करण्याचा उपाय निदान मला तरी सापडलेला नाही.

काचकाम:

चित्रबलाकाचा प्रश्न मात्र फोकसचाच आहे, परंतु लेन्स बिघडल्याचा तो पुरावा नव्हे. फोकसबिंदू निवडण्याचे काम आपण कॅमेऱ्यावर सोपवले असावे, असा माझा अंदाज आहे. तसे केले की कॅमेरा बहुधा जवळची आणि ठसठशीत कडांची वस्तू पकडतो, आणि गवताची पाती त्याला आयतीच सापडतात. दहा मीटरवर ३०० मिमी आणि एफ ५.६ असताना स्पष्टतेची खोली (पुढून मागे जेवढा पट्टा स्पष्ट येतो ती) जेमतेम पाव मीटर असते, त्यामुळे पात्यांवर फोकस बसला की पक्षी सहज त्या पट्ट्याबाहेर राहतो. मधला एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवा, आणि पक्षी किंवा नाव यांपैकी काहीही हलत असेल तर अखंड फोकसची (फोकस सतत जुळवत राहणारी) पद्धत वापरा.

आता घरच्या चाचणीबद्दल. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) पाहताना फोकस मोजणारा सेन्सर निराळा असतो. तो आरशाच्या खालच्या बाजूला बसवलेला असून मागच्या छोट्या आरशावरून वळलेला प्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर दृश्य पाहताना) आरसा वर जातो आणि जिथे चित्र उमटते त्या मुख्य सेन्सरवरच फोकस तपासला जातो. म्हणून ट्रायपॉड लावा, कंपनरोधक बंद करा, भरपूर उजेडात बारा-पंधरा मीटरवर भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा आणि दोन सेकंदांच्या टायमरने दहा फोटो व्ह्यूफाइंडरमधून व दहा लाइव्ह व्ह्यूमधून काढा. प्रत्येक वेळी आधी हाताने फोकस बिघडवून मगच कॅमेऱ्याला तो शोधू द्या. लाइव्ह व्ह्यूचे स्पष्ट आणि दुसरे सातत्याने मऊ आले, तर दोन्हींचा मेळ चुकला आहे. तो काही कॅमेऱ्यांत मेनूतून जुळवता येतो, इतरांत केंद्रात जावे लागते. दोन्ही मऊ आले तर संशय काचेवर घ्यावा. पुढे फिल्टर लावलेला असेल, तर पहिल्यांदा तो काढा.

माळढोक:

थव्याबद्दल दोनच वाक्ये लिहितो. ऊन चढले की पाण्यालगतची हवा थरथरू लागते, आणि शे-दीडशे मीटरवरच्या रोहितांच्या कडा लाटांसारख्या वेड्यावाकड्या होतात. त्यावर महागडी लेन्सही उपाय नव्हे. पहाटे लवकर नावेत बसावे, जवळ जाता येईल तेवढे थवा न उठवता जावे आणि दहानंतर दूरचे फोटो काढणे सोडून द्यावे.

शेकाट्या:

सर्वांचे आभार. गच्चीवर चाचणी केली, आणि निकाल पाहून मीच ओशाळलो. लेन्सवर एक स्वस्तातला ‘संरक्षक’ फिल्टर दोन वर्षांपासून तसाच होता. तो असताना व्ह्यूफाइंडरमधून काढलेल्या दहापैकी सात आणि लाइव्ह व्ह्यूमधल्या दहापैकी सहा फोटोंत बातमीची बारीक अक्षरे वाचता येत नव्हती; फिल्टर काढल्यावर दोन्ही पद्धतींनी वीसच्या वीस फोटो सुवाच्य आले. उन्हाकडे तिरके धरून पाहिले तर त्या काचेवर सरळ रेघसुद्धा किंचित वाकडी दिसते. बगळ्याचा फोटोही पुन्हा पाहिला. सगळे डावीकडून उजवीकडे ओढलेले आहे, म्हणजे तिथे शटरच नडले.

काल फिल्टर न लावता, आयएसओ ८०० आणि मधला एकच बिंदू ठेवून जवळच्या तळ्यावर गेलो होतो. १/१२५० ला काढलेल्या बगळ्याच्या छातीवरची लोंबती पिसे एकेक मोजता येतात. लेन्स विकायची नाही, हे ठरले. नदी सुरय मात्र अजून फ्रेममध्ये सापडत नाही. फोकस मागच्या पाण्यावर जातो आणि तिथून लेन्स पुन्हा जवळच्या टोकापर्यंत फिरून येईपर्यंत पक्षी निघून जातो.

काचकाम:

सुरय उडत असेल साधारण तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या खुंटावर आधी फोकस करून ठेवा, ७० मिमीवर पक्षी फ्रेममध्ये घ्या आणि मग झूम वाढवत न्या. लेन्सवर अंतरमर्यादेचे बटण असेल तर ते दूरच्या टप्प्यावर ठेवा, म्हणजे ती जवळच्या टोकाला भटकत नाही. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर दिलात, तर तो पाण्यावर घसरतोय असे वाटताच अंगठा उचलता येतो.